अर्ज, हुकूम आणि हिशेब

ओमानची राजधानी मस्कत, तिथून सुट्टीवर आलेला माणूस चार दिवस गप्प असतो. पाचव्या दिवशी त्याला तहसील कचेरीत नाहीतर आरटीओत जावं लागतं आणि संध्याकाळी चहा घेताना तो म्हणतो, "राजा असावा तर तिथल्यासारखा." आमच्या नात्यागोत्यात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्यावर वाद घालत नाही. त्याच्या म्हणण्यात खोटंही काही नसतं. रस्ते स्वच्छ, कागद वेळेवर, पोलीस चिरीमिरी मागत नाही. मी फक्त एवढंच विचारतो, की हे सगळं राजामुळे चालत असेल, तर राजा चुकला की त्याला कोण सांगतं? मग बशी खाली ठेवली जाते आणि विषय क्रिकेटकडे वळतो.

विषय वळू नये म्हणून हे लिहितोय. ओमानने पन्नास वर्षांत जी राज्ययंत्रणा उभी केली ती थोडीथोडकी नाही, हे मला मान्यच आहे. पण त्या यंत्रणेत अर्ज वर जायची वाट बांधली गेली, हुकूम खाली यायची बांधली गेली, हिशेब मागायची वाट मात्र राहूनच गेली. ती वाट नसेल तर जे उभं राहतं त्याला खातं म्हणा, कार्यालय म्हणा. संस्था म्हणताना माझी जीभ अडखळते. (अर्ज, हुकूम, हिशेब हे तिन्ही शब्द आपल्याकडे अरबीतून, फारसीचं बोट धरून आले. मराठी दफ्तराची अर्धी भाषा त्यांच्याकडचीच आहे, त्यामुळे हा वाद मराठीत घालायला फारसं अडत नाही.)

यावर मस्कतवाल्यांचं हुकमी उत्तर म्हणजे जानेवारी २०२०. सुलतान काबूस बिन सईद १० तारखेला गेले. जवळजवळ पन्नास वर्षं राज्य केलेला माणूस, मूलबाळ नाही, वारस जाहीर केलेला नाही. १९९६ च्या मूलभूत कायद्यातल्या, म्हणजे तिथल्या राज्यघटनेतल्या, सहाव्या कलमाप्रमाणे राजघराण्याच्या परिषदेने तीन दिवसांत नवा सुलतान निवडायचा होता. एकमत झालं नाही तर काबूसनी लिहून ठेवलेला बंद लखोटा फोडायचा आणि त्यातलं नाव कायम करायचं. एक नाही, दोन लखोटे देशाच्या दोन वेगळ्या भागांत ठेवलेत, असं त्यांनीच पूर्वी सांगितलं होतं. परिषद बसली आणि आम्ही निवडत नाही, लखोटा उघडा, असं तिने कळवलं. टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर लखोटा फोडला गेला. चुलतभाऊ हैथम बिन तारिक यांचं नाव निघालं आणि ११ तारखेला शपथविधी झालासुद्धा. एक गोळी सुटली नाही.

कौतुक करावं असाच प्रसंग. पण नीट पाहा, त्यात कुठल्या संस्थेने काय केलं? कायद्याने परिषदेला एकच महत्त्वाचा निर्णय दिला होता आणि तोच तिने घेतला नाही. गेलेल्या माणसाच्या हस्ताक्षराला मान देऊन ती बाजूला झाली. हे शहाणपणाचं असेल, घराण्याच्या ऐक्यासाठी गरजेचंही असेल. तरी चालला तो काबूस यांचा शेवटचा हुकूम. बरोबर एका वर्षाने, ११ जानेवारी २०२१ ला, हैथम यांनी नवा मूलभूत कायदा आणला, लखोट्याची भानगडच काढून टाकली आणि गादी थोरल्या मुलाकडे जाईल असं ठरवलं. पुत्र थेयाझिन युवराज झाले. आता पुढचा राजा कोण हे सगळ्यांना ठाऊक आहे. अनिश्चितता गेली, हा फायदा खराच; बाकी व्यवस्था जिथे होती तिथेच आहे.

आता थोडं मागे जाऊ. ओमानची अधिकृत कहाणी अशी सांगितली जाते की २३ जुलै १९७० च्या आधी काळोख आणि नंतर पहाट. आकडेही तसेच आहेत. देशात तीन शाळा, त्यांत सुमारे नऊशे मुलगे, मुलगी एकही नाही. डांबरी रस्ता जेमतेम १० किलोमीटर. सूर्यास्तानंतर तीन तासांनी मस्कतच्या वेशी बंद होत, आणि त्यानंतर रस्त्यावर दिसणाऱ्याच्या हातात कंदील असावाच लागे. १९६७ पासून तेल बाहेर जाऊ लागलं होतं, तरी काबूस यांचे वडील सुलतान सईद बिन तैमूर दूर सलालाहच्या राजवाड्यात बसून पैसा मुठीत धरून होते. शेवटी इंग्रजांच्या संमतीने मुलानेच बापाला गादीवरून उतरवलं. त्या झटापटीत स्वतःच्याच पिस्तुलाची गोळी पायाला लागलेले सईद लंडनला रवाना झाले आणि १९७२ मध्ये तिथेच वारले.

सईदच्या चिक्कूपणाचं मूळ शोधत गेलं तर वाट मुंबईवरून जाते. त्यांचे वडील तैमूर बिन फैसल राज्यकारभाराला आणि कर्जाला विटले होते. १९३२ मध्ये त्यांनी गादी सोडली आणि पुढे १९६५ मध्ये मुंबईतच त्यांचा अंत झाला. देणी होती ती बंदरातल्या हिंदी व्यापाऱ्यांची आणि ब्रिटिश हिंदुस्थान सरकारची. अजमेरच्या मेयो कॉलेजात शिकलेल्या सईदच्या वाट्याला गादीबरोबर ही देणीही आली. हातात रोकड असल्याशिवाय खर्च करायचा नाही ही खूणगाठ त्यांनी तेव्हा बांधली आणि तेल निघाल्यावरही सोडली नाही. राज्याला स्वतःचं चलनही नव्हतं. बाजारात आपला रुपया चाले. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटाच काढल्या. जून १९६६ मध्ये दिल्लीने रुपयाचं अवमूल्यन केलं तेव्हा मस्कतच्या व्यापाऱ्याच्या पेटीतली रक्कमही रातोरात हलकी झाली. ओमानचा स्वतःचा रियाल आला तो १९७० मध्ये. आजही त्या रियालचे हजार भाग होतात त्यांना 'बैसा' म्हणतात. आपला पैसाच तो.

याच सईदनी जानेवारी १९६८ मध्ये एक लेखी निवेदन काढलं होतं. राज्य कर्जात कसं बुडालेलं होतं, आजवर हात आखडता का ठेवला, आणि आता तेलाचे पैसे आल्यावर इस्पितळं, शाळा, रस्ते कसे करायचे आहेत, असं सगळं त्यात आहे. सूर बापाने पोरांची समजूत काढावी तसा, आणि यायला फार उशीर झालेला. पण एक राजा रयतेला 'पैसा गेला कुठे' हे लेखी सांगतो आहे! मला हा कागद त्या काळातला सगळ्यांत विलक्षण कागद वाटतो. पुढे मुलाने रयतेला कितीतरी पटींनी जास्त दिलं. पण दात्याकडे हिशेब मागायची रीत जगात कुठेच नसते, आणि खरी गोम तिथे आहे.

आणि काळोख म्हणाल तर तो मस्कतमध्ये. डोंगराच्या पलीकडे, अंतर्भागातल्या निझवा शहराच्या बाजूला, हिशेबाची पद्धत शतकानुशतकं चालत आली होती. तिथे पाणी येतं ते 'फलज'मधून. डोंगराच्या पोटातलं पाणी उताराने, बोगद्यातून आणि उघड्या पाटातून, कधीकधी कित्येक किलोमीटर वाहत गावात आणायचं. असे तीन हजारांहून जास्त फलज आजही वाहतात. त्यांतल्या पाचांना २००६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात जागा मिळाली. गावात शिरलं की पाणी आधी पिण्याला, मग मशिदीला आणि न्हाणीघरांना, आणि त्यानंतर खजुराच्या बागांना. कुणाची पाळी किती हे ठरवायला मोकळ्या जागेत एक काठी रोवलेली असते आणि जमिनीवर दगडांच्या खुणा. काठीची सावली एका खुणेवरून दुसरीवर सरकली की साधारण अर्धा तास झाला, म्हणजे एक 'अथर' संपला. एकाचा बांध बंद, दुसऱ्याचा उघडा. रात्री सावली नसते, तेव्हा ताऱ्यांवर पाळ्या.

पाळ्या बघणारा तो आरिफ, म्हणजे आपला पाटकरी. आणि जमाखर्च ठेवणारा तो 'वकील'. पाण्यातला काही हिस्सा खुद्द फलजच्या मालकीचा असतो. त्याचा लिलाव होतो आणि आलेल्या पैशातून गाळ काढणं, पडझड दुरुस्त करणं चालतं. वकील कुणाच्या कृपेने बसलेला नसतो. ज्यांचा पाण्यात हिस्सा, त्यांच्या वतीने तो काम बघतो आणि त्यांनाच हिशेब देतो. आपल्या जुन्या कागदपत्रांतही वकील म्हणजे दुसऱ्याच्या वतीने बोलणारा. काळ्या कोटाशी त्याचा संबंध फार नंतर आला.

एवढंच नाही. ओमानचा मोठा समाज इबादी या इस्लामी पंथाचा, आणि इबादी परंपरेत इमाम, म्हणजे धर्माचा आणि राज्याचा प्रमुख, वारशाने येत नाही, निवडला जातो. वाकडा चालला तर उतरवलाही जातो. १९२० च्या सीबच्या तहानंतर किनारा सुलतानाकडे आणि अंतर्भाग इमामाकडे अशी वाटणीच होती. ती मोडली १९५५ मध्ये, सुलतानाच्या फौजांनी. हे सगळं मी गोड करून सांगत नाही. इमाम निवडणारे होते ते मूठभर उलेमा, म्हणजे धर्मपंडित, आणि टोळीप्रमुख. फलजमध्ये ज्याचा हिस्सा नाही त्याला आवाजही नाही, आणि गुलामगिरी तर १९७० पर्यंत कायद्याने बंदसुद्धा नव्हती. ती काबूस यांनी बंद केली. पण 'अरबांच्या मातीत हिशेब मागण्याची रीतच नाही' असं जे बिनदिक्कत बोललं जातं, ते निझवाच्या एखाद्या पाटाच्या कडेला उभं राहून बोलून पाहावं.

काबूस यांनी ही रीत वापरून राज्य बांधलं नाही. त्यांनी तिच्या शेजारी नवीन इमारत उभी केली. जी उभी केली ती झपाट्याने: १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रांचं सदस्यत्व, १९७४ मध्ये मध्यवर्ती बँक, १९७६ पासून पंचवार्षिक योजना, १९८६ मध्ये विद्यापीठ. वाड्यावाड्यांवर दवाखाने आणि शाळा पोचल्या, मुलींसाठीही. टोळ्यांचे शेख सरकारी मानधनावर आले. सुरुवातीला राज्यघटनेची चर्चा निघाली होती. परदेशातून बोलावून आणलेले काका तारिक बिन तैमूर पंतप्रधान झाले होते आणि राजाच्या हाताला घटनेचा लगाम असावा असं त्यांचं मत होतं. काका-पुतण्याचं दीड वर्षसुद्धा जमलं नाही. तारिक पायउतार झाल्यावर पंतप्रधान काबूसच, संरक्षण, परराष्ट्र, अर्थ ही खातीही त्यांच्याचकडे, आणि हे शेवटपर्यंत. बाकीच्या मंत्र्यांना मंत्री म्हणायचं ते रीतीपुरतं.

तेव्हा दक्षिणेच्या धोफार प्रांतात बंडखोरांशी युद्ध पेटलेलं होतं, घटनेवर परिसंवाद भरवायला सवड नव्हती, असं सांगितलं जातं. बरोबर आहे. पण धोफारचं युद्ध १९७५ मध्ये संपलं आणि मूलभूत कायदा आला १९९६ मध्ये. मधली एकवीस वर्षं युद्धाच्या खात्यावर टाकता येणार नाहीत.

त्या वर्षांत एक वेगळाच प्रकार रूढ झाला आणि परदेशी पाहुण्यांना तो फार आवडे. सुलतान दरवर्षी दौऱ्यावर निघायचे. वाळवंटात तंबू पडायचे, मंत्री बरोबर असायचे, कुणीही यावं आणि गाऱ्हाणं मांडावं. कुणाला विहीर हवी, कुणाला औषधपाणी, कुणाचा जमिनीचा तंटा. अर्ज हातात, हुकूम तिथल्या तिथे. यात माणुसकी होती, हे मी नाकारत नाही. आपल्याकडचा कुठला मंत्री असा जमिनीवर बसतो? पण या दरबारात विहीर मागता येते. गेल्या वर्षी मंजूर झालेली विहीर कुणी खाल्ली, हे विचारता येत नाही. फलजच्या काठावर जो हिस्सेदार होता, तो तंबूत आल्यावर अर्जदार झाला. आधुनिकीकरणाच्या हिशेबात ही बाजू कुणी मांडत नाही.

पुढे मजलिस, म्हणजे सभा, आली. १९८१ मध्ये नेमलेली सल्लागार परिषद, १९९१ मध्ये तिच्या जागी मजलिस अल शुरा ही सल्लागार सभा, २००३ पासून एकवीस वर्षांवरच्या सगळ्या स्त्री-पुरुषांना मतदान. दर पायरीला दहा-बारा वर्षं. मग २०११ मध्ये सोहार या बंदराच्या शहरात चौकात बेरोजगार पोरं येऊन बसली आणि काही महिन्यांत जे झालं ते आधीच्या वीस वर्षांत झालं नव्हतं. मंत्री घरी गेले, पन्नास हजार नोकऱ्या जाहीर झाल्या, शुराला कायद्यांत हात घालायचे अधिकार मिळाले. सेवा खात्यांच्या मंत्र्यांना शुरा जाब विचारू शकते. संरक्षण आणि परराष्ट्र त्याच्या बाहेर. अंदाजपत्रक तिच्यासमोर येतं, त्यावर शिफारशी करता येतात. ते अडवता येत नाही. राजकीय पक्षांना बंदी आहेच.

या अधिकारांची खोली मोजायला दोन प्रकरणं पुरेत. तालिब अल मामरी हे सोहारजवळच्या लिवाचे निवडून आलेले शुरा सदस्य. २०१३ मध्ये सोहार बंदराच्या प्रदूषणाविरुद्ध मतदारसंघातले लोक रस्त्यावर आले, त्या प्रकरणात त्यांना अटक झाली आणि पुढच्या वर्षी कैदेची शिक्षा. २०१६ मध्ये सुटले, ते सुलतानांच्या माफीने. लोकांनी पाठवलेला वकील राजाच्या माफीवर घरी येतो, यातच सगळं आलं. त्याच वर्षी 'अझ्झमान' या दैनिकाने न्यायव्यवस्थेतल्या हस्तक्षेपाबद्दल लिहिलं आणि सरकारने ते बंद केलं. इथे मात्र मला ओमानची एक वेगळी बाजू दिसते. अपील न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये ती कायमची बंदी उठवली. सरकारच्या हुकुमाला सरकारच्याच न्यायालयाने नाही म्हटलं! दैनिक तरी सुरू होऊ दिलं नाही आणि वर्षभराने सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम केली. पण ते काही महिने मला त्या लखोट्याच्या सोहळ्यापेक्षा मोलाचे वाटतात. संस्था जन्मते ती अशा वेळी, आणि बहुतेक वेळा तिथेच गुदमरते.

माझं म्हणणं ऐकून जाणते लोक कुवेतकडे बोट दाखवतात. तिथे १९६२ पासून घटना आहे, १९६३ पासून निवडून आलेली राष्ट्रसभा. ती मंत्र्यांना धारेवर धरायची, राजीनामे घ्यायला लावायची. झालं काय? कामं खोळंबली, सभा दोनदा वर्षानुवर्षं बंद राहिली आणि मे २०२४ मध्ये अमिरांनी ती पुन्हा बरखास्त करून घटनेची काही कलमं चार वर्षांपर्यंत बाजूला ठेवली. मग ओमानचं शांत चाललेलं काय वाईट?

हा आक्षेप हलका नाही. कुवेतची सभा कित्येकदा निव्वळ अडवणूक करायची, हे तिचे चाहतेही मान्य करतात. पण तिला दुसरं करायला काय ठेवलं होतं? पंतप्रधान अमीर नेमणार, तो राजघराण्यातलाच असणार, सरकार बनवणं सभेच्या हातात कधीच नाही. ज्याला घर चालवायला कधी दिलं नाही, त्याने भांडी आपटण्याखेरीज काय शिकावं? कुवेतने हिशेब मागायला दिला, जबाबदारी दिली नाही. ओमानने दोन्ही दिली नाहीत म्हणून तिथे आवाज कमी. त्या शांततेला मी कारभाराचं यश म्हणणार नाही.

हैथम यांनी काही गाठी सोडवल्या, हे सांगायला हवं. ऑगस्ट २०२० मध्ये परराष्ट्र आणि अर्थ ही खाती काबूसप्रमाणे स्वतःकडे न ठेवता वेगळ्या मंत्र्यांना दिली. विखुरलेल्या सरकारी कंपन्या आणि निधी एका गुंतवणूक प्राधिकरणाखाली आणले. करोना आणि तेलाच्या पडलेल्या भावाने कर्ज वाढलेलं होतं, ते उतरवलं. पंतप्रधानपद मात्र सोडलेलं नाही. हैथम हे त्याच तारिकचे चिरंजीव, ज्यांना राजापेक्षा वेगळा पंतप्रधान आणि कागदावरची घटना हवी होती. इतिहास कधीकधी फारच उघडी चेष्टा करतो.

आणि आता कर. एप्रिल २०२१ पासून ५ टक्के मूल्यवर्धित कर लागला. तो आपले मस्कतवालेही भरतात. देशातली चाळीस टक्क्यांच्या आसपास वस्ती परदेशी आहे आणि तिला मत कधीच नव्हतं. जून २०२५ मध्ये तर सुलतानी फर्मानाने प्राप्तिकर जाहीर झाला: वर्षाला ४२,००० रियालच्या वरच्या उत्पन्नावर ५ टक्के, जानेवारी २०२८ पासून. आखाती राजवटींतला हा पहिलाच. सरकार म्हणतं, शंभरातल्या नव्व्याण्णवांना तो लागणारच नाही. खरं असेल. पण देणारा राजा आणि घेणारी रयत, या एकाच नात्यावर पन्नास वर्षं तिथली सगळी खाती चालली. आता काही जणांपुरतं का होईना, नातं उलटं होतंय. फलजच्या देखभालीसाठी ज्याने पैसे मोजले, तो वकिलाला वही उघडायला सांगत असे. तो हक्क पैसे मोजले म्हणूनच होता, कुणी दान दिला म्हणून नव्हता.

शुराची मागची निवडणूक ऑक्टोबर २०२३ मध्ये झाली, सगळं मतदान मोबाइलच्या ॲपवर. नव्वद जण निवडून आले, त्यांत एकही बाई नव्हती. मुदत चार वर्षांची आहे, म्हणजे पुढची निवडणूक २०२७ मध्ये, कर लागू होण्याच्या तोंडावर. पक्ष नसल्यामुळे जाहीरनामे नसतील. उमेदवार आपापल्या टोळीच्या, गावच्या मजलिसीत कॉफी आणि खजूर पुढे ठेवून मतं मागतील. सोहारमध्ये, सलालाहमध्ये, निझवाला, प्रत्येक ठिकाणी पाहुण्यांत एखादा तरी ४२,००० च्या वर कमावणारा बसलेला असेल. तो नेहमीसारखा अर्ज काढतो की वही मागतो, ते मला बघायचं आहे.